अँप्लिफायरचा कान
(इलेक्ट्रॉनिक्सच्या स्नातकांपुढील दीक्षान्त भाषण, छत्रपती संभाजीनगर)

घरी जुळवलेल्या अँप्लिफायरला व्हॉल्यूम कंट्रोल जोडायचा तर त्याची जागा इनपुटकडे असते, स्पीकरकडे नव्हे. १९६० साली शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय मिळालेल्या आणि पैठण रस्त्यावर चितेगावला टीव्हीचा कारखाना पाहिलेल्या या शहरात आज पदवी घेणाऱ्या अनेकांच्या हातून पहिल्यांदा आवाज निघाला तो एलएम३८६ या आठ पायांच्या आयसीतून. ही आयसी सिग्नल वीस पट करते. मोबाइलकडून अर्धा व्होल्ट आला की दहा व्होल्टची मागणी होते. ९ व्होल्टच्या बॅटरीवर ती पुरी होणे शक्य नाही. लाटेचे माथे कापले जातात, गाणे फाटते. फाटल्यानंतर स्पीकरकडे कितीही कमी केले तरी फाटकेच गाणे हळू ऐकू येते. म्हणून सिग्नल आत शिरण्याआधीच आवरायचा.

त्यासाठी १० किलोओहमचा पॉट पुरतो. दांडा समोर आणि पाय खाली धरले असता डावा पाय ग्राउंडला, उजवा येणाऱ्या सिग्नलला, मधला आयसीच्या इनपुटला. मधला आणि उजवा यांची अदलाबदल झाली तरी आवाज कमी-जास्त होतो, त्यामुळे चूक लक्षात येत नाही; पण बटण शून्यावर आणताच मोबाइलचे आउटपुट थेट ग्राउंडला शॉर्ट होते.

पॉट कोणता, हा प्रश्न मात्र सर्किटचा नाही, माणसाच्या कानाचा आहे, आणि या विषयाचे खरे सौंदर्य तिथेच आहे. लीनिअर पॉट अर्ध्यावर आणला की व्होल्टेज निम्मे होते, म्हणजे ६ डेसिबलची घट. कानाला आवाज निम्मा वाटायला साधारण १० डेसिबलची घट लागते. परिणामी बटणाच्या बहुतेक फेऱ्यात फारसा फरक जाणवत नाही आणि हळू आवाजाची सगळी जुळवाजुळव शेवटच्या चिमटीत करावी लागते. लॉग पॉट अर्ध्यावर व्होल्टेजचा दहा-पंधरा टक्केच भाग पुढे सोडतो, म्हणून हाताचे फिरणे आणि कानाचे ऐकणे जुळते. बाजारात मिळणाऱ्या बहुतेक आशियाई बनावटीच्या पॉटवर लॉगसाठी ‘ए’ आणि लीनिअरसाठी ‘बी’ छापलेले असते. जुन्या युरोपीय भागांवर अक्षरे उलट असू शकतात.

हाच हिशेब गल्लीतल्या गणेशमंडळालाही लागू होतो. निवासी भागात आवाजाची मर्यादा दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल आहे. हे १० डेसिबल कमी करायला स्पीकरला जाणारी शक्ती एक दशांश करावी लागते. बटण जरासे मागे घेऊन ते साधत नाही.

बटण फिरवताना खरखर येत असेल तर बहुधा पॉटमधून डीसी वाहत असतो. सिग्नलच्या वाटेत एक कपॅसिटर घातला की तो अडतो. बोट लावल्यावर गुणगुण वाढत किंवा थांबत असेल तर पॉटचे धातूचे अंग ग्राउंडला जोडावे आणि इनपुटला शील्डेड वायर वापरावी. स्टिरिओसाठी एकाच दांड्यावरचा दुहेरी पॉट लागतो. त्याच्या दोन्ही बाजू, विशेषतः अगदी हळू आवाजात, क्वचितच तंतोतंत सारख्या असतात, त्यामुळे बसवण्याआधी दोन्ही मीटरवर मोजून घ्याव्यात.