कापसाच्या गाठीला घाई कुणाची?

(जिल्हा मेळाव्यातील भाषण)



जहाजाचा आणि कोरडवाहू शेतकऱ्याचा संबंध काय, असं कुणी विचारील. संबंध भावाचा आहे. निर्यातीच्या रुईला परदेशात जो दर मिळतो त्यातून आधी जहाजभाडं वजा होतं, मग बंदरापर्यंतची वाहतूक, जिनिंग, दलाली. उरेल ते आपल्या पदरात.

आता जहाजाचा हिशेब मांडू. वेग दुप्पट करायचा तर इंजिनाला ताकद सुमारे आठपट लागते. उलट वेग 10 टक्के कमी केला, तर 20 दिवसांची खेप 22 दिवसांची होते, पण तेल सुमारे 19 टक्के वाचतं. एक टन तेल जळलं की तीन टनांहून जास्त कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. म्हणजे पैसाही वाचला, धूरही. मग सगळी जहाजं सावकाश का जात नाहीत? कारण जादा दोन दिवसांचं जहाजाचं भाडं, खलाशांचा पगार, मालात अडकलेल्या पैशाचं व्याज. 2008 च्या मंदीनंतर भाडी पडली, तेव्हा जहाजं हळू चालली. भाडी चढली की तीच पळतात. या हिशेबात धुराला किंमत नव्हती.

ती आता लागली. युरोपीय संघाने 2024 पासून जहाजांच्या धुरावर आकार बसवला. 2024 च्या धुराचा 40 टक्के हिस्सा, 2025 चा 70, आणि 2026 पासून पूर्ण. आपल्याकडून युरोपला जाणाऱ्या खेपेचा निम्मा धूर त्यात धरतात. त्यातच 2023 च्या अखेरीस तांबड्या समुद्रात जहाजांवर हल्ले सुरू झाले. न्हावा शेवाहून युरोपला जाणारी बरीच जहाजं सुएझ सोडून आफ्रिकेला वळसा घालू लागली. वाट सुमारे चार हजार सागरी मैलांनी लांबली. तेल वाढलं, धूर वाढला, आकारही वाढला.

धुराला किंमत लागू नये, असं आमचं म्हणणं नाही. पाऊस लहरी झाला की दुबार पेरणी आपल्यालाच करावी लागते. आमचा प्रश्न एवढाच की बिल कुणाच्या नावावर फाडणार? द्राक्षाला घाई असते, ते समजतं. कापसाची गाठ दोन दिवस उशिरा पोचली म्हणून सडत नाही. तिला सावकाश जहाज द्या, आणि वाचलेल्या तेलातला वाटा भावात दाखवा.

भाडं वाढलं की दुसऱ्या दिवशी दर पडतो. भाडं उतरलं की कुणी बोलत नाही. म्हणून आजच्या मेळाव्यात आम्ही मागणी ठेवतो: भाड्याच्या नावाने दर पाडणाऱ्याने आधी भाड्याची पावती बाजार समितीत लावावी. हात वर करा आणि ठराव मंजूर करा.