बाईंचे हजार चंद्र

(स्नेहमेळाव्यातील मनोगत)



आपल्या गणिताच्या बाईंचं सहस्रचंद्रदर्शन यंदा कोजागरीला साताऱ्यात झालं. तुमच्यापैकी बऱ्याच जणांना येता आलं नाही, म्हणून तिथला वृत्तांत सांगायची आज्ञा मला झाली आहे. आज्ञा बाईंचीच. त्या पहिल्या रांगेत बसल्या आहेत, तेव्हा आकड्यांत गडबड चालणार नाही.

आधी हिशेब. वर्षाला १२ पौर्णिमा धरल्या तर ८० वर्षांत ९६० होतात. पण १९ वर्षांत ७ अधिक मास येतात, म्हणजे ८० वर्षांत साधारण २९. झाल्या ९८९. उरलेल्या ११ साठी आणखी दहा-अकरा महिने. म्हणून हा सोहळा ८१ व्या वर्षात. हे मी लॅपटॉपवर मांडायला घेतलं, तर बाई म्हणाल्या, “मिटव तो. आधी कागदावर कर.” कागद तपासून झाल्यावर त्यांची शंका आली, “साताऱ्याच्या पावसाळ्यात चंद्र दिसतो कुठे? वर्षाला तीन पौर्णिमा ढगांत गेल्या धर. दोनशे चाळीसेक चंद्र कमी पडतात. ते भरून काढायला मला अजून पंचवीस वर्षं तरी लागतील. तयारी ठेवा!”

शाल-श्रीफळ घेणार नाही, ही त्यांची अट होती. म्हणून आम्ही वह्यांची तुला केली. बाई भरल्या ४३ किलो. “आधी सांगितलं असतं तर महिनाभर कंदी पेढे खाल्ले असते. पोरांचं नुकसान झालं,” असं त्या म्हणाल्या. वह्या आपल्या शाळेत पोचल्या आहेत. मग ८१ दिव्यांनी औक्षण झालं आणि मसाला दूध पिऊन आम्ही रात्री बारापर्यंत गच्चीवर बसलो.

शाळेत आपण त्यांना घाबरायचो. आता त्या माझी मैत्रीण आहेत. २०२२ मध्ये एसटीने पंचाहत्तरीपुढच्यांना मोफत प्रवास सुरू केला, तेव्हापासून बाई घरी सापडणं कठीण. पुण्यात माझ्याकडे येतात त्याही लाल डब्याने. स्वारगेटला घ्यायला येऊ का विचारलं, तर म्हणतात, “पत्ता बदललास का?”

पण एक गोष्ट आज गंभीरपणे सांगायची आहे. मागच्या पावसाळ्यात बाई अंगणात घसरल्या आणि त्यांचं मनगट मोडलं. घरात त्या एकट्याच. मुलगा परदेशात. तो म्हणाला, आता इकडेच ये. त्याची काळजी खरीच होती. नातेवाईक, शेजारी, आपल्यातले काही जण, सगळे काय करावं यावर बोलू लागले. बाईंनी एवढंच म्हटलं, “माझ्याविषयी बोलताय ना, मग माझ्याशी बोला.”

त्यांच्याशी बोलल्यावर मार्ग निघाला, तोही त्यांनीच काढलेला. रोज सकाळी आठला त्या आपल्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर एक गणित टाकतात. नऊपर्यंत आलं नाही, तर साताऱ्यात राहणाऱ्यांपैकी एकाने फोन करायचा. उचलला नाही, तर जाऊन दार वाजवायचं. आमच्या कामात प्रत्येक सर्व्हर ठरावीक वेळाने ‘मी चालू आहे’ असा संदेश पाठवतो. तो थांबला की आम्ही धावतो. त्याला हार्टबीट म्हणतात. ही सोय बाईंनी मला न विचारता शोधली. मुलालाही ती पटली. बाई आपल्या घरात राहिल्या.

तेव्हा तुमच्याकडे दोन मागण्या आहेत. सध्या दार वाजवणारे चौघेच आहेत. दिवाळीत, लग्नसराईत चौघेही गावाबाहेर असू शकतात. साताऱ्यात राहणाऱ्या आणखी तिघांनी आज नाव द्यावं, म्हणजे आठवड्याचा एकेक वार प्रत्येकाकडे येईल. वही माझ्याकडे आहे.

दुसरी मागणी बाहेरगावच्यांसाठी. बाईंच्या गणिताखाली आपण जोडलेले हात आणि गुलाबाची फुलं टाकतो. त्यांना उत्तर हवं असतं. चुकलं तरी चालेल. चुकलेल्याला त्या स्वतः फोन करतात आणि अर्धा तास सोडत नाहीत. हा अर्धा तास त्यांना फार आवडतो. मलाही.

बाई, तुम्हाला उदंड आयुष्य लाभो. निदान ती पंचवीस वर्षं तरी.