मृत्युपत्र जुनं होतं
(राजारामपुरीतील शताब्दी मेळाव्यातील भाषण)

माऊली, वारीला निघण्याआधी आपण दिंडीची यादी दर साली नवी लिहितो. एखादा टाळकरी वैकुंठवासी झाला, तर त्याच्या नावानं तंबूत जागा धरत नाही. घरच्या कागदाचं मात्र आपण तसं करत नाही.

आम्ही मृत्युपत्र केलं तेव्हा दोन्ही पोरं होती. आमच्या कमाईचा विहिरीकडचा तुकडा थोरल्याच्या नावं लिहिला आणि कागद ट्रंकेत टाकला. पुढं थोरला गेला. मूलबाळ नाही. सून आमच्याजवळच राहिली. आज आमचं पथ्यपाणी तीच बघते. कागदात तिचं नावच नव्हतं! वकिलांनी सांगितलं, तो तुकडा आपोआप तिला जाईल असं धरून चालू नका.

मग धाकट्याला समोर बसवून सांगितलं आणि नवं मृत्युपत्र केलं. आधीचं रद्द, असं त्यात लिहिलं. तारीख घातली. 1925 च्या वारसा कायद्याप्रमाणे दोन साक्षीदार घेतले, त्यांच्यादेखत सही केली. नोंदणीची सक्ती नाही, तरी दुय्यम निबंधकांकडं नोंदवलं. शेवटचं मृत्युपत्र तेच खरं. वडिलार्जितात मात्र आपल्या वाट्यापुरतंच लिहिता येतं. 2005 च्या दुरुस्तीनं लेकीलाही त्यात लेकाइतकाच हक्क आहे.

घरात लग्न झालं, कुणी गेलं, जमीन घेतली-विकली, की कागद काढून वाचा. आम्ही वारीवरनं आलो की ट्रंक उघडतो. धाकटा आधी घुश्शात होता. परवा त्यानंच विचारलं, "आबा, औंदा कागद बघितला का?"

राम कृष्ण हरी.