एक नौका, अनेक कामे



आजच्या स्मृतिव्याख्यानासाठी मी एका लहान देशाच्या लहान नौकांचा विषय निवडला आहे. डेन्मार्क हा बेटांचा देश. बाल्टिक समुद्रात शिरण्याच्या वाटा त्याच्या अंगणातून जातात. शीतयुद्धाच्या काळात तेथील नौदलाकडे टॉर्पेडो, सुरुंग आणि गस्त या कामांसाठी वेगवेगळ्या प्रकारच्या २२ नौका होत्या. त्या जुन्या झाल्या होत्या आणि तितक्याच नव्या बांधणे परवडणारे नव्हते.

यातून १९८०च्या दशकात ‘फ्लूवेफिस्केन’ म्हणजे ‘उडता मासा’ या वर्गाच्या नौका जन्मल्या. २२ नौकांची जागा १४ नौकांनी घेतली. लांबी ५४ मीटर, वजन सुमारे ४५० टन, काया काचतंतूंची. लोखंड नसल्याने चुंबकीय सुरुंगाचे भय कमी. नौकेवर पुढे एक आणि मागे तीन अशा चार खोबणी ठेवल्या होत्या. त्यांत ३ मीटर लांब, ३.५ मीटर रुंद आणि २.५ मीटर उंच अशा ठरीव मापाच्या पेट्या बसत. पेटीत तोफ, क्षेपणास्त्रे किंवा सुरुंगशोधनाची सामग्री असे. धक्क्यावरच्या साध्या क्रेनने पेटी अर्ध्या तासात बदलता येई; काही तासांच्या चाचणीनंतर नौका नव्या कामाला सिद्ध होई. या पद्धतीला ‘स्टॅनफ्लेक्स’ म्हणतात.

परंतु माझ्या मते खरा प्रश्न येथेच सुरू होतो. पेटी अर्ध्या तासात बदलते, माणूस बदलत नाही. या नौकेवर कामानुसार १९ ते २९ खलाशी असत. सुरुंगाचा माग काढणारा कान आणि क्षेपणास्त्राचे गणित जाणणारी दृष्टी यांना वर्षांचा सराव लागतो. म्हणून बहुउद्देशीय साधनाचा हिशेब करताना केवळ वाचलेल्या नौका मोजून भागत नाही. शिक्षणाचा खर्चही मांडावा लागतो.

तरीही हा प्रयोग वाया गेला असे मी म्हणणार नाही. डेन्मार्कने पुढे या नौका निवृत्त केल्या. काही लिथुआनियाने घेतल्या, तर २०१४ साली पोर्तुगालने पाच घेतल्या. पेट्यांचे माप मात्र टिकले. ‘अब्सालोन’ आणि ‘इव्हर हुइटफेल्ट’ या वर्गांच्या मोठ्या युद्धनौकांवरही त्याच खोबणी आल्या. नौका जुनी झाली, पण तिच्यावरचे शस्त्र नव्या नौकेवर चढवता आले.

शाळेने विद्यार्थ्याला द्यायचे तेही असेच असावे. विषय बदलतील, व्यवसाय बदलतील. त्या सर्वांना सामावून घेणारी खोबण पक्की हवी, आणि प्रत्येक नव्या कामासाठी पुन्हा शिकण्याची तयारी हवी.