घरची चित्रफीत : जतन आणि वांटप

पंचवटींत कामदा एकादशीच्या दिवशीं रामरथ आणि गरुडरथ यांचा उत्सव असतो. दोर ओढणाऱ्या मंडळींचा घोष, उधळलेला गुलाल आणि काळारामाच्या परिसरांतील दाटी हें सारें पूर्वीं पाहणाराच्या स्मरणांत राही व त्याच्याबरोबर लोपून जाई. आतां रथ दृष्टीस पडतांच शेंकडों हात वर होतात आणि प्रत्येक हातांत भ्रमणध्वनी असतो. चित्रण करणें इतकें सोपें झालें आहे कीं, तें कोणी शिकवावें लागत नाहीं. नको तो भाग कापून हवा तो जोडणेंहि घरोघरच्या मुलांना जमतें. खरी अडचण येते ती शेवटीं. चित्रफीत तयार करून बाहेर काढतांना, म्हणजे तिचें एक्सपोर्ट करतांना, संगणक दहा-बारा प्रश्न एकदम विचारतो. त्या प्रश्नांचा अर्थ न कळल्यामुळें बहुतेक माणसें जें उत्तर आधींच भरलेलें असेल तेंच कायम ठेवतात.

त्याचा परिणाम काय होतो हें समजण्यासाठीं पंचवटींतील एका जुन्या वाड्याची कल्पना करावी. नातवानें एकाच चैत्रांत दोन चित्रफिती घेतल्या. एक रथोत्सवाची, दुसरी आजीची. आजी जात्यापाशीं बसून ओव्या म्हणत आहेत, मागें शेणानें सारवलेली भिंत आहे आणि जात्याची घरघर चालू आहे. पुण्याच्या आत्याला व अमेरिकेंतील काकांना पाठवितां यावें म्हणून नातवानें दोन्ही फिती सर्वांत लहान आकारांत काढल्या आणि जागा मोकळी करण्यासाठीं मूळ चित्रण पुसून टाकलें. हातांतल्या लहानशा पडद्यावर कोणालाच उणें दिसलें नाहीं. पुढें वर्ष-दीड वर्षानें आजी गेल्या. वर्षश्राद्धाला जमलेल्या आप्तांसाठीं तीच फीत मोठ्या दूरचित्रवाणी संचावर लावली, तेव्हां गुलालाचे चौकोनी ठिपके झाले होते आणि आजींचा आवाज विहिरीच्या तळांतून आल्यासारखा घोगरा झाला होता. ओव्यांतले निम्मे शब्द लागेनात. आत्या म्हणाल्या, “अरे, मूळची फीत लाव ना!” ती फीत कोठेंच उरलेली नव्हती. हा वाडा कल्पनेंतला असला, तरी असा प्रसंग आज कोणत्याहि घरीं येऊं शकतो. आणि तो टाळण्यास चार-पांच गोष्टींचें ज्ञान पुरेसें आहे.

पहिली गोष्ट नांवांची. फितीच्या नांवापुढें एमपी४ किंवा एमओव्ही अशीं अक्षरें दिसतात. तीं केवळ बरणीचीं नांवें होत. बरणीवरून आंतलें लोणचें आंब्याचें कीं लिंबाचें हें कळत नाहीं. त्याचप्रमाणें एमपी४ म्हटल्यानें चित्र कोणत्या रीतीनें दाबून भरलें आहे हें कळत नाहीं. त्या रीतीला कोडेक म्हणतात. २००३ सालीं आलेली एच.२६४ ही रीत आज जवळजवळ प्रत्येक यंत्राला वाचतां येते. २०१३ सालची एच.२६५ ही तितकेंच चांगलें चित्र सुमारें निम्म्या जागेंत बसविते. परंतु जुन्या संचांना ती समजत नाहीं. म्हणून सर्व आप्तांना पाठवावयाची फीत एमपी४ बरणींत, एच.२६४ रीतीनें आणि एएसी या ध्वनीच्या रीतीनें काढणें सर्वांत निर्धोक.

चित्र दाबून भरण्याची गरजच काय, असें कोणी विचारील. त्याचें उत्तर साध्या गुणाकारांत आहे. १९२० बिंदू रुंद आणि १०८० बिंदू उंच अशा एका चित्रांत २०,७३,६०० बिंदू असतात. प्रत्येक बिंदूच्या रंगाला ३ बाइट धरले, तर एका चित्राला ६२ लाखांवर बाइट लागतात. सेकंदाला २५ चित्रें धरल्यास एका मिनिटाला ९३३ कोटि बाइट होतात. इतका भार घरगुती यंत्रानें वाहणें कठीण. म्हणून कोडेक एक युक्ति करतो : मागच्या चित्रांत जें होतें आणि जें बदललें नाहीं, तें तो पुन्हां लिहीत नाहीं, बदललें तेवढेंच लिहितो. आजींच्या मागची भिंत हलत नाहीं. ती एकदां लिहिली कीं पुष्कळ वेळ पुरते. रथाच्या चित्रांत मात्र माणसें, पताका, गुलाल आणि ऊन-सावली हीं सारीं क्षणोक्षणीं बदलतात. रामकुंडाच्या हलत्या पाण्याचेंहि तसेंच.

यावरून दुसरी गोष्ट ध्यानांत येते, ती बिटरेटची. एका सेकंदासाठीं किती बिट खर्च करावयाचे याचा तो आंकडा होय. १९२० बाय १०८० च्या चित्राला, सेकंदाला २४ ते ३० चित्रें असतां, यूट्यूबनें ८ मेगाबिट सुचविले आहेत. तेवढ्यांत एका मिनिटाला सुमारें ६० मेगाबाइट जागा लागते. आजींच्या स्थिर चित्राला याहून कमी बिटहि चालतील. रथोत्सवाला १६ ते २० दिले तरी ते वाया जाणार नाहींत. येथें स्थिर व बदलता असे दोन पर्याय दिसतात. स्थिर दर म्हणजे रोजच्या भाजीला आणि दिवाळीच्या फराळाला सारखाच पैसा काढणें. शहाणी गृहिणी साध्या दिवशीं हात आंखडून सणाला सैल सोडते. बदलता दर तेंच करतो. त्यांत दोन फेऱ्यांचा पर्याय असेल, तर पहिल्या फेरींत यंत्र सारी फीत तपासतें आणि दुसऱ्या फेरींत खर्चाची वांटणी करतें. वेळ अधिक लागतो, पण जागा ठरलेली असतां चित्र बरें येतें.

तिसरी गोष्ट चित्रांच्या वेगाची. आणि ती सांगतांना नाशिककरांना दादासाहेब फाळके आठवणें साहजिक आहे. त्र्यंबकेश्वरीं १८७० सालीं जन्मलेल्या या गृहस्थांनीं १९१२ मध्यें विलायतेहून विल्यमसन कंपनीचा कॅमेरा आणला. प्रथम त्यांनीं एका रोपाची वाढ टिपली : कित्येक दिवस थोड्या थोड्या अंतरानें एकेक चित्र घेतलें आणि मग तीं चित्रें भराभर दाखविलीं, त्यामुळें प्रेक्षकांच्या डोळ्यांदेखत अंकुर वर येऊं लागला. चित्रें कोणत्या वेगानें घेतलीं आणि कोणत्या वेगानें दाखविलीं, या दोहोंच्या मेळावर काळाचा भास अवलंबून असतो, हें त्या रोपानें दाखवून दिलें. पुढें ३ मे १९१३ रोजीं मुंबईस गिरगांवांत कोरोनेशन सिनेमॅटोग्राफ येथें त्यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ लोकांसमोर आला आणि त्यानंतर त्यांनीं आपला कारखाना नाशिकास हलविला.

मूकपटाच्या काळीं कॅमेरा हातानें फिरवीत. सेकंदाला सुमारें १६ चित्रें येत. ३५ मिलिमीटरच्या फितीच्या एका फुटावर १६ चित्रें बसतात, म्हणजे सेकंदाला एक फूट फीत जाई. ‘राजा हरिश्चंद्रा’ची लांबी सुमारें ३,७०० फूट नोंदलेली आहे. सेकंदाला १६ चित्रांच्या वेगानें तो सुमारें ६२ मिनिटें चालेल. बोलपटाच्या २४ चित्रांच्या वेगानें ४१ मिनिटांतच संपेल. जुन्या मूकपटांतील माणसें तुरुतुरु धांवतांना दिसतात, त्याचें एक कारण हेंच. तीं माणसें तशी चालत नव्हतीं. दाखविणारानें चुकीचा वेग निवडलेला असतो. कित्येक घरांत लग्नामुंजीच्या ८ मिलिमीटरच्या फिती पेटींत पडून आहेत. जुन्या पद्धतीच्या त्या फिती बहुधा १६ चित्रांच्या, तर सुपर ८ या प्रकारच्या १८ चित्रांच्या वेगानें घेतलेल्या असतात. त्यांचें रूपांतर करून घेतांना हा वेग सांगितला नाहीं, तर आजोबा मांडवांत बाहुल्यासारखे नाचतांना दिसावयाचे.

आजचे भ्रमणध्वनी बहुधा सेकंदाला ३० चित्रें घेतात. आपल्या दूरचित्रवाणीचा वेग २५ आणि चित्रपटाचा २४ आहे. नियम एवढाच कीं, ज्या वेगानें घेतलें त्याच वेगानें बाहेर काढावें. ३० चे २५ केले, तर प्रत्येक सेकंदांतून ५ चित्रें गाळावीं लागतात आणि संथपणें सरकणारा रथ मध्येंच हिसका घेऊं लागतो. कांहीं भ्रमणध्वनींत वेग स्वतःच कमीजास्त होत राहतो. अशा चित्रणांत ओंठ आणि शब्द यांची फारकत होते; म्हणून जोडकामापूर्वींच वेग एकसारखा करून घ्यावा.

चौथी गोष्ट आकाराची. ३८४० बाय २१६० या चित्रांत १९२० बाय १०८० च्या चौपट बिंदू असतात. परंतु मूळ चित्रण लहान असतां मोठा आकार निवडल्यानें नवा तपशील जन्मास येत नाहीं. पाणी घालून दूध वाढवावें तसाच तो प्रकार. जुन्या फितींचें चित्र चारास तीन या प्रमाणांत असतें आणि आजचा पडदा सोळास नऊ असतो. तो भरून काढण्यासाठीं चित्र ताणलें, तर माणसें रुंद होतात. दोन बाजूंस काळे पट्टे राहूं द्यावे. त्यांत कमीपणा नाहीं.

पांचवी गोष्ट ध्वनीची, आणि तीच सर्वांत उपेक्षित. ध्वनीचे नमुने सेकंदाला कितीदां घ्यावे, हा प्रश्न यंत्र विचारतें. गाण्याच्या तबकडीसाठीं, म्हणजे कॉम्पॅक्ट डिस्कसाठीं, ४४,१०० हा आंकडा आहे. चित्रफितीसाठीं ४८,००० रूढ आहे. नमुन्यांच्या संख्येच्या निम्म्यापर्यंतचे कंप टिकतात, आणि माणसाचा कान २०,००० च्या वरचे कंप ऐकत नाहीं. तेव्हां ४८,००० पुरेसे होतात. चित्रफितींत एएसी ध्वनीला १९२ ते ३२० किलोबिट द्यावे. आजींच्या ओवींत चित्राचे बिट कमी केले तर भिंत जराशी पुसट दिसेल. ध्वनीचे बिट फार कमी केले तर स, श, च हीं अक्षरें आणि दळतांनाचा श्वास नाहींसा होतो. ज्या फितींत शब्द हेंच धन आहे, तिचा ध्वनि कांहीं न दाबतां स्वतंत्रपणें डब्ल्यूएव्ही रूपांतहि ठेवावा. दहा मिनिटांच्या अशा ध्वनीला सुमारें ११५ मेगाबाइट लागतात. आजच्या मानानें ही जागा कांहींच नव्हे. हेमा राईरकर आणि गी प्वातव्हाँ यांनीं महाराष्ट्रांतील खेड्यापाड्यांतून एक लाखाहून अधिक ओव्या गोळा करविल्या, आणि पुढें त्यांतील पुष्कळ गाणाऱ्या बायकांच्याच आवाजांत मुद्रित झाल्या. कागदावर लिहिलेल्या ओवीला जात्याची लय नसते, हें त्या ध्वनिमुद्रणांवरून समजतें.

आतां सर्वांत महत्त्वाचें. दाबून भरलेली फीत पुन्हां उघडून पुन्हां दाबली, तर प्रत्येक खेपेस कांहींतरी गळतें. मुलांनीं एकमेकांच्या वह्यांवरून धडा उतरून घ्यावा आणि पांचव्या वहींत अर्थच बदलावा, तसें हें आहे. व्हॉट्सॲपवरून साध्या रीतीनें पाठविलेली फीत लहान करून पाठविली जाते. तीच ‘डॉक्युमेंट’ म्हणून जोडली, तर जशीच्या तशी जाते. म्हणून वांटपाची प्रत ही कधींहि जतनाची प्रत मानूं नये. प्रत्येक महत्त्वाच्या फितीचीं तीन रूपें असावीं : पहिलें, कॅमेऱ्यांतून आलेलें मूळ चित्रण, हात न लावलेलें, दुसरें, जोडकाम झालेली उंची प्रत, मूळच्याच आकाराची व वेगाची, भरपूर बिट दिलेली, आणि तिसरें, आप्तांना पाठविण्याची लहान प्रत. पहिलीं दोन रूपें निदान दोन निरनिराळ्या तबकड्यांवर ठेवावीं आणि त्यांतील एक तबकडी दुसऱ्या घरीं असावी. तिसरें रूप हरवलें तर दुसऱ्यावरून पुन्हां करतां येतें. पहिलें हरवलें तर कोणत्याहि उपायानें परत येत नाहीं.

फाळक्यांच्या बाबतींत हें महाराष्ट्रानें अनुभवलें आहे. १९३७ च्या ‘गंगावतरणा’पर्यंत त्यांनीं चित्रपट निर्मिले आणि १६ फेब्रुवारी १९४४ रोजीं नाशिकासच त्यांचें निधन झालें. त्या काळची नायट्रेटची फीत सहज पेट घेई आणि ठेवल्या जागीं कुजूनहि जाई. शिवाय जतनाची प्रत वेगळी काढून ठेवण्याची दृष्टि तेव्हां नव्हती. पुण्यास राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय स्थापन झालें तें १९६४ मध्यें. तोंपर्यंत बहुतेक मूकपट नष्ट झाले होते. ‘राजा हरिश्चंद्र’ अखंड हातीं लागला नाहीं. कांहीं रिळेंच वांचलीं. ज्यानें आपलें सर्वस्व त्या उद्योगांत घातलें, त्याच्या कामाची ही अवस्था झाली. मग घरगुती फितीची काळजी घरच्यांनींच घेतली नाहीं, तर दुसरें कोण घेणार?

त्या वाड्यांतील नातवाला यांतलें कांहीं अवघड नव्हतें. मूळ चित्रण एका तबकडीवर ठेवावयाचें, उंची प्रत काढावयाची, मग लहान प्रत आत्याला पाठवावयाची. एका दुपारचें काम. पुढच्या चैत्रांत रथ पुन्हां निघेल आणि त्याचें चित्रण पुन्हां करतां येईल. आजींची ओवी पुन्हां घेतां येणार नाहीं. ज्या घरांत अजून कोणी जात्यावरची, देवघरांतली किंवा पाळण्याची गाणीं म्हणणारें वडील माणूस आहे, त्या घरानें येत्या सुटीच्या दिवशीं त्यांना आग्रह करून बसवावें, आणि घेतलेलें मूळ चित्रण पुसण्यापूर्वीं वरील तीन प्रती झाल्या आहेत कीं नाहींत हें एकदां पाहून घ्यावें.