ओरिएंटियरिंग महासंघाचा वार्षिक आराखडा

ओरिएंटियरिंग म्हणजे नकाशा आणि होकायंत्राच्या आधारे, ठरलेल्या खुणा क्रमाने शोधत धावण्याची शर्यत. तिचा आंतरराष्ट्रीय महासंघ 1961 साली कोपनहेगनमध्ये 10 देशांनी स्थापला. भारतात राष्ट्रीय क्रीडा महासंघांना सरकारी साहाय्यासाठी प्रशिक्षण आणि स्पर्धांचे वार्षिक वेळापत्रक क्रीडा मंत्रालयापुढे मांडावे लागते. शिबिरे, परदेश दौरे, साहित्य, प्रशिक्षक, सारे त्यात येते.

या खेळात मात्र मैदानाआधी नकाशा लागतो, आणि आराखड्यात नेमके तेच विसरले जाते. स्प्रिंट प्रकाराचा नकाशा सहसा 1:4000 प्रमाणाचा असतो, म्हणजे कागदावरचा एक सेंटीमीटर जमिनीवरचे 40 मीटर. गल्ली, भिंत, पायरी, कुंपण, सगळे जागेवर फिरून नोंदवावे लागते. नवी मुंबईतल्या करावे गावठाणासारखी दाट वस्ती स्प्रिंटला साजेशी. जवळच्या खाडीकाठची खारफुटी आणि पाणथळ जागा मात्र नकाशावर प्रवेशबंद दाखवणेच योग्य. तिथे पक्ष्यांचा हक्क आधी.

नवे बांधकाम झाले की नकाशा जुना होतो. त्यामुळे नकाशे तयार करणाऱ्यांचे प्रशिक्षण आणि जुन्या नकाशांची दुरुस्ती यांसाठी दरवर्षी वेगळी तरतूद हवी. ती नसलेला आराखडा अपुराच.