देह कोणाचा, शब्द कोणाचा?



घराचे, शेताचे, बँकेतल्या चार पैशांचे मृत्युपत्र माणसाला करता येते. स्वतःच्या देहाचे मात्र करता येत नाही. इंग्लंडात 1882 साली विल्यम्स खटल्यात हा दंडक पक्का झाला. हेन्री क्रुकेन्डन या गृहस्थाने आपले दहन व्हावे असे लिहून ठेवून ती जबाबदारी एका मैत्रिणीवर सोपविली होती. कुटुंबीयांनी त्याचे दफन केले. बाईने प्रेत उकरून काढविले, इटलीत नेऊन दहन केले आणि खर्च मागितला. प्रेत ही कोणाचीच मालमत्ता नव्हे, सबब मृत्युपत्राने त्याची व्यवस्था लावता येत नाही, असे सांगून न्यायालयाने दावा फेटाळला. मालमत्तेचीच भाषा समजणाऱ्या कायद्याला मृताचा शब्द ऐकू येऊ नये, यात नवल ते कोणते!

भारतातही दहन की दफन, धर्मविधी करावेत की नकोत, याबाबत मृताची इच्छा वारसांवर बंधनकारक करणारा सर्वसाधारण कायदा नाही. अपवाद आहे तो दानाचा. 1994 च्या अवयव प्रत्यारोपण कायद्यानुसार हयातीत लेखी संमती देता येते. मात्र दोन साक्षीदार हवेत आणि त्यांपैकी एक जवळचा नातेवाईक हवा. देहदानाची तरतूद राज्यांच्या शरीरशास्त्र कायद्यांत सापडते.

केरळातील मार्क्सवादी नेते एम. एम. लॉरेन्स सप्टेंबर 2024 मध्ये निवर्तले, तेव्हा या तरतुदीची कसोटी लागली. देह वैद्यकीय महाविद्यालयाला द्यावा, ही त्यांची इच्छा मुलाने पुढे मांडली. ख्रिस्ती पद्धतीने दफन व्हावे, असा मुलीचा आग्रह होता. इच्छा लेखी नव्हती, साक्षीदारांसमोर बोलून दाखविलेली होती. आयुष्यभर चळवळीत वावरलेल्या माणसाचा देह शवागारात पडून राहिला आणि त्याचा शब्द खरा की खोटा, यावर वकील भांडले. उच्च न्यायालयाने देहदान ग्राह्य धरले. जानेवारी 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हस्तक्षेप नाकारला. मुलीचे दुःख खोटे होते असे कोणी म्हणू नये. पण एक सही केलेला कागद असता, तर हे महिने टळले असते. कार्यकर्त्यांनी तो आजच करावा, साक्षीदार घ्यावेत आणि मुख्य म्हणजे घरातल्यांना तो वाचून दाखवावा. कारण महाविद्यालयाला कळवायचे ते घरच्यांनीच.

या कायद्यांची दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. इंग्लंडच्या 1832 च्या कायद्याने कष्टगृहांत मेलेल्या निराधारांची बेवारस प्रेते विच्छेदनाच्या टेबलावर आणली. तोवर ती शिक्षा फाशी गेलेल्या खुन्यांना होती. मुंबईचा 1949 चा शरीरशास्त्र कायदा त्याच वळणाचा. रुग्णालयात मेलेल्या ज्या परगावच्या मजुरावर कोणी हक्क सांगायला येत नाही, त्याचा देह विद्यार्थ्यांच्या अभ्यासाला जातो. तुला दहन हवे की दफन, हे त्याला हयातीत कोणी विचारलेले नसते.